मूर्ती आणि खडी

(स्मृतिव्याख्यानमालेत उमरी, जि. नांदेड येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण आपण कुणाच्याही दुःखाला लावतो. नापास झालेलं पोर असो, कर्जात बुडालेला शेतकरी असो की सासुरवाशीण असो, सगळ्यांना ती एकाच मापाने वाटली जाते. ज्या घरात ऑटिझम असलेलं लेकरू वाढतं आहे, तिथल्या आईच्या वाट्याला तर ती फार लवकर येते. ‘देवाने तुझीच निवड केली, कारण तुझ्यात सोसायची ताकद आहे,’ असं सांगून पाहुणे चहा पिऊन उठतात. सांगणाऱ्याच्या मनात खोट नसते. पण या म्हणीने एक गोष्ट गृहीत धरलेली आहे आणि तिच्याकडे आपलं लक्ष जात नाही. टाकी पाथरवटाच्या हातात असते. घाव कुठे घालायचा, किती जोराने घालायचा, कधी थांबायचं आणि दगडाची शीर कुठून गेली आहे, हे त्या हाताला कळत असतं. रस्त्याच्या कामासाठी खडी फोडतात तिथेही दगड तोच असतो, घावही पडतातच. पण तिथून देव निघत नाही, खडी निघते. आज मला या घरांबद्दल एवढाच प्रश्न विचारायचा आहे, की सोसल्याने माणूस वाढतो का? माझं उत्तर असं, की अशा घरातली माणसं वाढतात हे खरं आहे, पण त्या वाढीचं श्रेय सोसण्याला देणं ही आपली चूक आहे. ती वाढ सोसणाऱ्याभोवतीच्या हातांची असते. ते हात नसतील तर त्याच ताणाने घराची खडी होते.

आधी शब्दाबद्दल. ऑटिझमला मराठीत ‘स्वमग्नता’ म्हणतात. शब्द सुरेख आहे, पण थोडा फसवाही आहे. स्वतःत मग्न म्हटलं की एखादा योगी डोळ्यांपुढे येतो, नाहीतर मुद्दाम तोंड फिरवून बसलेलं पोर तरी. प्रत्यक्षात ही मेंदूच्या वाढीची वेगळी तऱ्हा आहे. दुसऱ्याशी देवाणघेवाण करणं, बोलणं आणि न बोलता समजून घेणं अवघड जातं. तेच ते करण्याची ओढ असते. आवाज, उजेड, स्पर्श, चव एकतर फार टोचतात किंवा पुरेसे जाणवत नाहीत. कुणी अजिबात बोलत नाही, कुणी रेल्वेचं अख्खं वेळापत्रक तोंडपाठ म्हणतं आणि तहान लागली हे मात्र सांगू शकत नाही. हा आजार नव्हे, तो आयुष्यभराचा स्वभावधर्म आहे. हे अगदी दुर्मीळही नाही. भारतातल्या पाच ठिकाणी, म्हणजे पलवल, कांगडा, ढेंकानाल, हैदराबाद आणि उत्तर गोवा इथे, दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची दारोदार जाऊन पाहणी झाली आणि ती २०१८ साली प्रसिद्ध झाली. मेंदूच्या वाढीशी निगडित एखादी तरी अडचण असलेली मुलं त्यात साधारण आठात एक निघाली. ऑटिझमचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आलं. ज्या तालुक्यात या वयाची दहा हजार मुलं आहेत, तिथे अशी शंभरेक असणार, एवढा हिशेब आपण करू शकतो. मग ती शंभर घरं आपल्याला दिसत का नाहीत, हा खरा प्रश्न आहे.

दिसत नाहीत, कारण सुरुवातीची वर्षं ‘होईल बरं’ म्हणण्यात जातात. दीड-दोन वर्षांचं लेकरू हाक मारली तरी वळून बघत नाही, बोट दाखवून काही मागत नाही, आईचा हात धरून डब्यापर्यंत नेतं. आजी म्हणते, त्याचा बापही चार वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता. कुणी म्हणतं नजर लागली, कुणी म्हणतं बाहेरचं झालंय. मग अंगारा, गंडा, देवऋषी. आपल्याच रेल्वेमार्गावर धर्माबादच्या पुढे गोदाकाठी बासरची सरस्वती आहे. लेकराच्या हाताने पहिलं अक्षर गिरवायला या भागातली घरं तिथे जातात. वाचा फुटावी म्हणून नवस बोलायलाही जातात. श्रद्धेबद्दल माझी तक्रार नाही. देवळात जाऊन आलेली आई थोडी हलकी होऊन परतत असेल तर तेही औषधच आहे. पण त्याच रुळांनी आणखी पुढे गेलं की सिकंदराबाद लागतं. मतिमंदांसाठीची राष्ट्रीय संस्था १९८४ साली तिथे उभी राहिली, आज तिचं नाव बदललं आहे. ऑटिझमचं प्रमाणपत्र देताना देशभर जी मोजपट्टी वापरतात, सहा विभागांची आणि चाळीस प्रश्नांची, ती या संस्थेने तयार केली. सिकंदराबादची गाडी आपल्या स्टेशनावरून जाते, पण त्या मोजपट्टीपर्यंत पोचायला आपल्या घरांना चार-चार, पाच-पाच वर्षं लागतात. लेकरू शाळेच्या बाकावर टिकत नाही, मग शोध सुरू होतो.

या वर्षांत घरावर जो ताण येतो, त्याचा नीट हिशेब मांडायला हवा, कारण ‘ताण’ हा एक शब्द वापरला की सगळं एकाच पोत्यात जातं. पहिला ताण शरीराचा. अशी बरीच मुलं रात्री नीट झोपत नाहीत आणि त्यांच्यासोबत आईही झोपत नाही. दार उघडं राहिलं की लेकरू निघून जातं, आणि आपल्याकडे दाराबाहेर विहीर असते, कॅनॉल असतो, रेल्वेचे रूळ असतात. खाण्याच्या दोनच वस्तू चालतात, तिसरी तोंडात जात नाही. दुसरा ताण पैशाचा. थेरपी मिळायची तर नांदेड, लातूर, नाहीतर हैदराबाद. एकाची मजुरी बुडते, तिकीट दोघांचं लागतं. तिसरा ताण लोकांच्या नजरेचा. लग्नाच्या मांडवात डीजे सुरू झाला की लेकरू कान दाबून किंचाळतं आणि दोनशे माणसं वळून आईकडे बघतात. चौथा सगळ्यात खोल, आणि तो बहुतेक घरांत रात्री एकाच वाक्यात बोलला जातो: ‘आमच्यामागे याचं कसं?’ अनेक देशांतल्या अभ्यासांची एकत्र बेरीज करून पाहिली तेव्हा असं दिसलं, की ऑटिझम असलेल्या मुलांच्या आईवडिलांचा ताण इतर अपंगत्व असलेल्या मुलांच्या आईवडिलांपेक्षाही जास्त भरतो. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० साली अशा मुलांच्या आयांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल मोजलं. ताण आला की अंगात वाढणारं हे द्रव्य या आयांमध्ये चढण्याऐवजी दिवसभर खालीच राहत होतं. वर्षानुवर्षं ताणाखाली राहिलेल्या माणसांत ही खूण आढळते. सतत वाजणारी घंटा शेवटी कानाला ऐकू येईनाशी होते, तसंच हे.

आता माझ्या मुद्द्याचा कणा मांडतो. दुसऱ्या महायुद्धात घरचा कर्ता पुरुष लढाईवर गेला आणि नंतर परत आला, तेव्हा कुटुंबांचं काय झालं, हे रूबेन हिल नावाच्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने अभ्यासलं आणि १९४९ साली एक साधं सूत्र मांडलं. एकच संकट दोन घरांवर येतं. एक घर कोलमडतं, दुसरं सावरतं. फरक संकटात नसतो. तो दोन गोष्टींत असतो: घरापाशी कोणती साधनं आहेत, आणि घर त्या संकटाचा अर्थ काय लावतं. पैसा, माणसं, माहिती, शेजार ही साधनं. हे आपलं नशीब आहे, शिक्षा आहे, आपला दोष आहे, की फक्त वेगळं काम आहे, हा अर्थ. या सूत्राने वर मांडलेले चार ताण तपासून पाहा. लेकराची झोप हा लेकराकडून आलेला ताण म्हणता येईल. पण बुडालेली मजुरी, नजरा आणि ‘आमच्यामागे कसं’ हे तिन्ही लेकराने आणलेले नाहीत. उपचार लांबच्या शहरात ठेवायचा निर्णय त्याने घेतला नाही, डीजेचा आवाज त्याने वाढवला नाही. ज्याला आपण ऑटिझमचं ओझं म्हणतो, त्यातला मोठा वाटा आपण चढवलेला आहे. म्हणूनच तो उतरवताही येतो.

अर्थ लावण्याचा भाग किती जीवघेणा ठरू शकतो, याचा पुरावा शास्त्राच्या इतिहासातच आहे. बाल्टिमोरच्या लिओ कॅनर या मानसोपचारतज्ज्ञाने १९४३ साली अकरा मुलांचं वर्णन करणारा निबंध लिहिला आणि ऑटिझमला वैद्यकात जागा मिळाली. ही मुलं जन्मतःच अशी आहेत, हे त्याला दिसलं होतं. तरी आईवडिलांच्या थंडपणाबद्दलची निरीक्षणंही त्याने नोंदवली, आणि पुढे ही मुलं जणू शीतकपाटात ठेवली गेली, अशी उपमा दिली. ती उपमा जगभर पसरली. शिकागोच्या ब्रूनो बेटलहाइमने १९६७ च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात आईच्या नाकारण्यालाच मूळ कारण ठरवलं. डॉक्टरच्या खोलीतून बाहेर पडणाऱ्या आईला दोन गोष्टी मिळत: लेकराचं निदान आणि स्वतःवरचा आरोप. हा आरोप मोडण्यात पुढे होता बर्नार्ड रिमलँड, जो मानसशास्त्रज्ञ होता आणि अशाच एका मुलाचा बापही होता. त्याचं पुस्तक १९६४ चं. १९६९ साली पालकांच्या सभेत खुद्द कॅनरने त्यांना दोषमुक्त जाहीर केलं. मग १९७७ साली फोल्स्टाइन आणि रटर यांनी जुळ्यांच्या एकवीस जोड्या तपासल्या: एकाच बीजापासून झालेल्या अकरा जोड्यांपैकी चार जोड्यांत दोघांनाही ऑटिझम होता, वेगळ्या बीजांच्या दहा जोड्यांपैकी एकीतही दोघांना नव्हता. दोष आईच्या मायेत असता तर असा फरक पडला नसता. पंचवीस-तीस वर्षं आयांनी जो ताण भोगला, तो लेकराच्या मेंदूतून आलेला नव्हता. तो एका चुकीच्या वाक्यातून आलेला होता.

हे तिकडचं, असं म्हणून आपण सुटू शकत नाही. आपल्याकडे शीतकपाट नव्हतं, ग्रहण होतं. गरोदरपणी ग्रहणात काही चिरलं असेल, डोहाळे पुरवले नसतील, सुनेच्या माहेरच्या रक्तातच असेल. या जुन्या आरोपांनी आता नवे कपडे घातले आहेत. शिकलेल्या घरांत हल्ली म्हणतात, तू मोबाईल दिलास म्हणून असं झालं. लहान मुलाच्या हातात तासन्‌तास मोबाईल देणं वाईटच. त्याने बोलणं मागे पडू शकतं. पण ऑटिझमची मुळं जन्माआधीच्या मेंदूच्या घडणीत आहेत, मोबाईलमध्ये नाहीत. जे लेकरू माणसांपेक्षा फिरत्या पंख्याकडे आधीच जास्त बघत होतं, ते पडद्याकडेही जास्त बघणार. परिणामाला कारण समजण्याची ही चूक आहे. ग्रहण असो, मोबाईल असो, आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहते ती आईच. बापाचं नाव त्या खटल्यात सहसा येत नाही. त्यामुळे तो मोकळा सुटतो आणि एकटाही पडतो, कारण त्याच्या दुःखाला कुणी दुःख म्हणून ओळखत नाही.

आपल्या शेजारच्या गोव्यात अशाच घरांचा अभ्यास झाला आहे. गौरी दिवाण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पालकांशी, विशेष शिक्षकांशी, शाळेतल्या शिक्षकांशी सविस्तर बोलून केलेलं ते काम २०१२ साली प्रसिद्ध झालं. त्यातला एक निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो. निदानानंतर घरं आधी समाजातून अंग काढून घेतात. लग्नकार्याला जाणं बंद होतं, येणंजाणं कमी होतं. काही काळाने तीच घरं परत माणसांत येतात, पण बऱ्याचदा ती माणसं वेगळी असतात: दुसऱ्या अशा मुलाची आई, एखादी समजूतदार शिक्षिका, जुन्यांपैकी टिकून राहिलेला एखादा नातेवाईक. दुसरा निष्कर्ष असा, की वैद्यक, शिक्षण आणि धर्म या तिन्ही क्षेत्रांतल्या जाणत्या लोकांना या घरांच्या गरजांची फारशी कल्पना नव्हती, आणि त्या अजाणपणाची किंमत घरांनी पैशाने आणि मनाने मोजली. म्हणजे ताणाचा आलेख केवळ लेकराच्या लक्षणांबरोबर चढत-उतरत नाही. माणसं तुटतात तेव्हा तो चढतो, माणसं जोडली जातात तेव्हा उतरतो.

आता वाढीकडे वळतो. टेडेस्की आणि कॅल्हून या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९६ साली आघातानंतर माणसात होणारी वाढ मोजण्यासाठी एकवीस विधानांची प्रश्नावली केली. तिचे पाच धागे आहेत: माणसांशी नातं घट्ट होणं, आयुष्यात नवे रस्ते दिसणं, स्वतःच्या बळाची ओळख पटणं, आध्यात्मिक जाण बदलणं आणि साध्या जगण्याची किंमत कळणं. ऑटिझम असलेल्या मुलांच्या पालकांशी बोलणाऱ्या संशोधकांना हे पाचही धागे सापडतात. शब्दाविना बोलणं वाचायला शिकलेली आई दुसऱ्यांचंही न बोललेलं ओळखते. निकालाच्या टक्क्यांवर मूल मोजणारा बाप, लेकराने पहिल्यांदा स्वतः पाणी मागितलं त्या दिवसाला सण मानतो. देशातल्या कितीतरी शाळा आणि संस्था आयांनीच उभ्या केल्या आहेत. दिल्लीत ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था मेरी बरुआ या आईने सुरू केली. पण टेडेस्की आणि कॅल्हून यांनीच दोन इशारेही दिले आहेत आणि तेच आपण वगळतो. वाढ आघातामुळे होत नाही, आघातानंतरच्या झगड्यातून होते. आणि वाढ झाली म्हणून दुःख संपत नाही. दोन्ही एकाच घरात, एकाच मनात शेजारी नांदतात. ज्या आईला आपण थोर म्हणतो ती त्याच रात्री हमसून रडत असू शकते, आणि त्या दोन्ही गोष्टी खऱ्या असतात.

इथे एक रास्त आक्षेप येतो: ही वाढ खरी असते, की माणूस स्वतःची समजूत घालतो? आक्षेपाला आधार आहे. मिनेसोटा विद्यापीठातल्या पॅट्रिशिया फ्रेझियर आणि सहकाऱ्यांनी २००९ साली एक चतुर अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांची त्यांनी आधी मोजणी केली, मधल्या काळात ज्यांच्यावर काही आघात झाला त्यांची नंतर पुन्हा केली. ‘मी या प्रसंगाने वाढलो’ असं सांगणं आणि आधी-नंतरच्या मोजणीत दिसलेला खरा बदल यांचा मेळ फारसा बसला नाही. उलट, वाढ झाल्याचं सांगणाऱ्यांत मनाचा त्रास वाढलेला आढळला, आणि ज्यांच्यात प्रत्यक्ष बदल दिसला त्यांचा त्रास कमी झालेला. याने माझं म्हणणं पडतं का? मला वाटतं, ते अधिक पक्कं होतं. ‘मी खंबीर झाले’ हे वाक्य कधीकधी खंबीरपणाचा पुरावा नसून मदतीची हाक असते. त्या वाक्यावर टाळ्या वाजवून आपण निघून आलो तर हाक तशीच विरते. म्हणून वाढ मोजायची असेल तर आईच्या बोलण्यावरून मोजू नये, तिच्या दिवसावरून मोजावी: तिला आठवड्यात किती रात्री सलग झोप मिळते, घराबाहेर एकटीने जायला किती वेळ मिळतो, आजारी पडली तर लेकराला सांभाळणारं दुसरं कोण आहे.

दुसरा आक्षेप याच्या विरुद्ध बाजूने येतो, आणि तो स्वतः ऑटिझम असलेल्या माणसांचा आहे. ते म्हणतात, तुम्ही सारखं कुटुंबाच्या ताणाबद्दल बोलता, म्हणजे आम्ही एक आपत्ती आहोत असंच सांगता. अमेरिकेतल्या जिम सिंक्लेअर यांनी १९९३ साली एका परिषदेत पालकांना उद्देशून हेच ठणकावून सांगितलं: पालक ज्याच्यासाठी रडतात ते त्यांच्या कल्पनेतलं मूल आहे, समोर असलेल्या मुलाला त्या शोकाचा उपयोग नाही, त्याला आईवडील हवे आहेत. हे बोलणं कठोर आहे आणि बरोबर आहे. म्हणून तर मी सुरुवातीपासून ताणाची फोड करत आलो. लेकरू म्हणजे ताण, असं समीकरण मांडलं की उपाय लेकराला बदलण्यात शोधला जातो. बाजारात मग शंभर टक्के बरं करण्याची हमी देणारी पुडी मिळते, आणि कर्ज काढून ती घेतली जाते. ताण म्हणजे आधाराचा अभाव, असं समीकरण मांडलं की उपाय घराबाहेर शोधावा लागतो. पण मन मोठं करायचं म्हणून कुटुंबाची दमणूक नाकारणंही बरं नव्हे. लेकरावर जीव टाकणारी आई त्याच्या रात्रभराच्या जागरणाने थकते, हे सांगितल्याने लेकराचा अपमान होत नाही.

तिसरा आक्षेप खास आपल्या मातीतला. शहरांत एकटी जोडपी असतात. आपल्याकडे अजून एकत्र कुटुंब आहे, भाऊबंद आहेत, सोयरेधायरे आहेत, मग आधार-आधार म्हणून वेगळं काय मागता? एकत्र कुटुंब हा मोठा आधार होऊ शकतो, यात शंका नाही. दहा माणसांच्या घरात लेकराकडे बघायला कुणीतरी असतं, आणि आजोबांच्या मांडीवर तासभर शांत बसलेलं लेकरू ही कुठल्याही थेरपीइतकी मोलाची गोष्ट आहे. पण घरात माणसं आहेत म्हणजे आधार आहे, असं होत नाही. त्याच दहा माणसांच्या घरात सुनेला दहा जणांचे सल्ले मिळतात आणि निर्णय एकही घेता येत नाही. नणंदेची किंवा मोठ्या बहिणीची सोयरीक जमायच्या दिवशी लेकराला मागच्या खोलीत ठेवलं जातं, कारण पाहुण्यांनी पाहिलं तर मोडेल अशी भीती असते. भीती खोटीही नसते. पाहुणे म्हणजे आपणच. शिवाय आपल्या भागातली कितीतरी घरं ऊसतोडीला आणि बांधकामावर निघून जातात. म्हाताऱ्यांच्या भरवशावर मागे राहिलेल्या किंवा फडावर सोबत गेलेल्या अशा लेकराला एकत्र कुटुंब कागदावरच असतं. नातं ही शक्यता आहे. तिचा आधार व्हायचा तर त्या नात्याला माहिती लागते आणि लाज सोडावी लागते.

चौथा आक्षेप व्यवहाराचा: तालुक्याच्या गावात तज्ज्ञ कुठून आणायचे? याला उत्तर पुन्हा गोव्यातून मिळतं. तिथे आणि पाकिस्तानात रावळपिंडीला एकाच वेळी एक प्रयोग झाला. तो २०१६ साली ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’ या नियतकालिकात आला. दोन ते नऊ वर्षांची पासष्ट मुलं त्यात होती. तज्ज्ञांऐवजी प्रशिक्षण दिलेले साधे कार्यकर्ते घरी जात. आई किंवा वडील लेकराशी खेळतानाचं चित्रीकरण करत, आणि नंतर तेच दाखवून विचारत: इथे त्याने तुमच्याकडे पाहिलं, तेव्हा तुम्ही काय केलं? लेकराच्या मागोमाग जायला, त्याच्या इशाऱ्याची वाट बघायला पालक शिकले. पालकांचा प्रतिसाद लक्षणीय सुधारला आणि लेकरंही आपणहून संवाद सुरू करू लागली. सगळं बदललं नाही, तसा दावाही त्यांनी केला नाही. पण या कामाला मोठं रुग्णालय लागत नाही, हे सिद्ध झालं. अंगणवाडीताई आणि आशाताई आपल्या प्रत्येक गावात आहेत. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्या आणि शाळा तपासत फिरतात. ज्या तीस आजार-अडचणींसाठी ती तपासणी असते, त्यांत ऑटिझम आहे. माणसं आहेत, गाडी आहे, कागदही आहे. कमी आहे ती एवढीच, की ताईने ‘बोलत नाही’ ऐकल्यावर ‘बोलेल’ असं न म्हणता ‘चला, दाखवून येऊ’ म्हणावं.

शेवटचा आक्षेप कुणी उघड बोलत नाही, पण मनात असतो. जिथे दुष्काळ आहे, शेतकरी फास लावून घेतो, तिथे शंभरातल्या एका लेकराची चर्चा ही चैन नाही का? हा प्रश्न विचारणाऱ्याने दुःखांची रांग लावलेली असते, आणि रांगेत शेवटच्या माणसाचा नंबर कधीच लागत नाही. दुष्काळ आणि ऑटिझम एकाच घरात असतात तेव्हा ते एकमेकांच्या मागे उभे राहत नाहीत, एकमेकांच्या खांद्यावर बसतात. ज्या घराची मजुरी आधीच तुटपुंजी आहे, त्याच घराला थेरपीच्या फेऱ्या मोडून काढतात. शिवाय या लेकरासाठी जे लागेल ते सगळ्यांनाच लागतं: पेशंटला दटावून न बोलणारा दवाखाना, मागे पडणाऱ्या मुलाला शेवटच्या बाकावर न टाकणारी शाळा, मापात वाजणारा डीजे.

कायद्याने आपलं काम थोडंफार केलं आहे. १९९५ च्या अपंगत्वाच्या कायद्यात सात प्रकार होते, ऑटिझम त्यांत नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने त्याची दखल घेतली. २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकार आले आणि ऑटिझमला त्यांत स्वतःची जागा मिळाली. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्यविमा आहे. अठरा वर्षांनंतर पालकत्व कुणाकडे, हे ठरवायला जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समितीची तरतूद आहे. जास्त आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख २०१६ च्या कायद्यातच आहे. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातला पाच टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. हा पाच टक्क्यांचा खर्च वर्षअखेरीला एखाद्या वस्तूच्या वाटपात उरकला जातो, तेव्हा त्यातून या लेकराला काय मिळालं, हे विचारणारा आवाज ग्रामसभेत नसतो. त्याची आई त्या वेळी घरी दार अडवून बसलेली असते.

म्हणून मला आईच्या थोरवीबद्दल कमी आणि आपल्या हातांबद्दल जास्त बोलावंसं वाटलं. पाथरवट दगडावर उपकार म्हणून हात सावरत नाही. मूर्ती घडवायची तर तसं करावंच लागतं, म्हणून सावरतो. आपल्या गावात हे कसं दिसेल? शाळेत अशा लेकरासाठी एक शांत कोपरा. महिन्यातून एकदा पाच-सहा आया एकत्र बसतील अशी एक खोली. आठवड्यात दोन तास लेकराला सांभाळून आईला बाजारात मोकळ्या हाताने जाऊ देणारी शेजारीण. मांडवात लेकरू किंचाळलं तर आईकडे न बघता आधी डीजेचं बटण शोधणारा एक माणूस. आणि ‘आमच्यामागे याचं कसं?’ हा प्रश्न, जो आज बंद दाराआड, दिवा मालवल्यावर दोन माणसं एकमेकांना विचारतात आणि उत्तर नसल्याने गप्प होतात, तो ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर, घरपट्टी आणि नळयोजनेच्या खाली का होईना, एक क्रमांक घेऊन छापलेला. त्या दिवशी त्या आईला देवपण लाभलं की नाही, याची उठाठेव आपण करायचं कारण नाही. तिला झोप लागली तरी पुष्कळ झालं.